स्टंपांमागची खबरबात

आमच्या विकेटकीपरइतका क्रिकेट खेळता खेळता बोललेला माणूस पेडणे तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि शेजारचा डिचोली तालुका जमेस धरला तरी माझे म्हणणे बदलणार नाही. हल्ली टीव्हीवर सामना लागला की स्टंपात लपवलेल्या माइकमधून खेळाडूंचे बोलणे ऐकू येते. आमच्या घरातली तरुण मंडळी ते कान देऊन ऐकतात आणि कोणी कोणाला काय टोमणा मारला यावर जेवणापर्यंत चर्चा करतात. मला त्यात काही राम वाटत नाही. 'शाब्बास', 'चला चला', 'एकच विकेट', मग टाळ्या, मग पुन्हा 'चला चला', आणि अधूनमधून एखादी शिवी. आमचा कीपरही फलंदाजाच्या कानाशी बोलायचा, पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत बोलायचा, पण त्याने कोणाला उणा शब्द बोलल्याचे मला आठवत नाही. तो फक्त घरची विचारपूस करायचा. विचारपुशीने जेवढे फलंदाज बाद झाले तेवढे शिव्यांनी कुठे झाले असतील असे मला वाटत नाही.

तो माझा शेजारी. धारगळला, हमरस्ता सोडून थोडे आत, त्याच्या आणि आमच्या घरामध्ये माडांची एक रांग तेवढी होती. अख्खा गाव त्याला कीपर म्हणायचा. त्याची बायको, जिला मी वहिनी म्हणतो, तीसुद्धा दारात आलेल्याला "कीपर गिरणीर गेलेत" असेच सांगायची. धंद्याने तो गिरणवाला. हमरस्त्याच्या कडेला त्याची पिठाची गिरण होती, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या बोलण्याचे मूळ त्या गिरणीत होते. पट्टा फिरू लागला की आत माणसाला स्वतःचा आवाजदेखील ऐकू येत नसे. गिऱ्हाईक डबा ठेवून बोटांनी खुणा करायचे आणि हा मानेने उत्तर द्यायचा. पीठ जाड हवे की बारीक हे तो चिमटीने विचारायचा. आठवडाभर हा माणूस मुक्याने दळण दळायचा आणि साठलेले सगळे बोलणे भुवयांवरच्या पिठासकट रविवारी मैदानावर घेऊन यायचा. गिरणीने त्याला आणखी एक देणगी दिली होती. त्याला हळू बोलता येत नसे. तो कुजबुजला तरी ते सीमारेषेवर बसलेल्या प्रेक्षकांना ऐकू जायचे.

मैदान म्हणजे खरे तर शेतच. पावसाळी भात कापून झाले की ज्या शेतात दुसरे पीक घेत नसत तिथली ढेकळे फोडून आम्ही मॅटिंग अंथरायचो. दोन शेतांमधला मातीचा अरुंद बांध, ज्याला आमच्याकडे मेर म्हणतात, ती आमची सीमारेषा. त्या मेरेवरून सरळ चालत गेले की कीपरचेच घर. त्यामुळे त्याची आई अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या राखता राखता सामना बघायची, आणि आपला मुलगा चेंडू अडवण्याऐवजी गजाली करतो आहे हे तिला तिथूनही समजायचे.

वेगवान गोलंदाजाला कीपरने चार पावले मागे उभे राहायचे असते हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. आमचा कीपर कोणालाही स्टंपांना चिकटूनच उभा राहायचा. आमचा कप्तान, जो स्वतः वेगवान गोलंदाज होता, त्याने एकदा वैतागून कारण विचारले. कीपर म्हणाला, "थंयसून बोलूक बोंबलूचा लागता. घरातल्यो गजाली बोंबलून सांगूच्यो नसतत." त्यापायी त्याचा पुढचा एक दात गेला. दात पडला त्या दिवशीही त्याने तोंडाला रुमाल धरून फलंदाजाला त्याच्या बहिणीचे लग्न ठरले का ते विचारून घेतले.

मी पहिल्या स्लिपमध्ये असायचो. माझे झेल घेण्याचे कसब पाहून मला तिथे ठेवले होते असे कोणी समजू नये. पणजीच्या एका सरकारी कचेरीत दिवसभर साहेबाला 'हो' म्हणण्याची मला सवय होती, आणि कीपरला हुंकार देणारा माणूस लागायचा. म्हणून त्याने मला कप्तानाकडून मागून घेतले होते. एकदा माझ्या हातून अगदी सोपा झेल सुटला. सगळे माझ्यावर ओरडले, कीपर मात्र शांत होता. पुढे त्याच षटकात तो गिरणीचा पट्टा कसा तुटला ते सांगत असताना माझे लक्ष रस्त्यावरच्या बसकडे गेले आणि माझा हुंकार चुकला, तर हा गृहस्थ षटक संपेपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

त्याची पद्धत एकदा समजावून सांगायला हवी. मांद्र्याच्या संघात एक उंचापुरा फलंदाज होता. त्याची घरची होडी होती, दंड वल्ह्यांनी कमावलेले होते, आणि तो चेंडू मारायचा तो थेट शेतापलीकडच्या ओहोळात. तो खेळायला आला की आमचा कप्तान आधी ओहोळाकडे दोन माणसे पाठवून द्यायचा. एका सामन्यात त्याने आमची अगदी धूळधाण चालवली होती. कीपरने त्याला शांतपणे विचारले, "औंदा बांगडो कसो आसा रे?" आता मासळीबद्दल विचारलेल्या माणसाने गप्प राहायचे, ही रीत आमच्याकडे नाही. तो बॅट टेकवून म्हणाला, "बांगड्याचा इचारू नको. गेल्या म्हयन्यापासून..." आणि त्याचा मधला स्टंप उडाला. तो निघाला, थोडा पुढे गेला आणि परत आला, कारण वाक्य अर्धवट राहिले होते. "...गेल्या म्हयन्यापासून जाळ्यात नुसतो पालो येता," असे ते त्याने पुरे केले. नवा फलंदाज येऊन बाजूला उभा होता. त्यालाही या विषयावर बोलायचे होते. पंच आमच्याच तालुक्यातले, त्यांनी सुरमईचा मुद्दा काढला. खेळ पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ गेला, पण कोणाची तक्रार म्हणून नव्हती.

नव्या काळाचा गोंगाट आमच्याकडे आला तो पणजीहून. कॉलेजातल्या पोरांचा एक संघ आला होता. पांढरेशुभ्र कपडे, डोळ्यांना काळे चष्मे आणि प्रत्येक चेंडूला टाळ्या वाजवून एकदम आरडाओरडा. आमचा कीपर तेव्हा आमच्या डावात मेरेवर बसला होता. तो उठून उभा राहिला आणि घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "कोण बुडालो रे?" कोणी बुडालेले नाही, ते आपल्या गोलंदाजाला धीर देत आहेत, असे सांगितल्यावर त्याला ते पटले नाही. "धीर देताना मनीस असो बोंबलता?" असे म्हणून तो खाली बसला. त्याची फलंदाजीची पाळी आली तेव्हा ती पोरे त्याच्याभोवती जमली. एक जण म्हणाला, "काका, घरी जा, जेवून झोपा." कीपर मागे वळला आणि मनापासून म्हणाला, "जातंय मरे. तुमी पण चला. हुमण तयार आसा." आणि सामना संपल्यावर तो सगळ्यांना खरोखरच घेऊन गेला. वहिनींनी पडवीत पाने मांडली. मैदान डोक्यावर घेणारी ती पोरे तिथे मान खाली घालून भात आणि माशाचे हुमण जेवली. त्यातल्या एकाला आणखी भात हवा होता, तो मागायलाही लाजत होता. त्याच्या पानात कीपरच्या आईने न विचारता भात वाढला.

इतक्या बोलणाऱ्या माणसाचे आपल्या सख्ख्या भावाशी बोलणे नव्हते.

हा भाऊ त्याच्याहून बराच धाकटा. डिचोलीला खाणीवरच्या ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागला आणि तिथेच घर करून राहिला. चूल वेगळी झाली, त्याचे कीपरला काही वाटले नाही. भाताचा वाटा, माडांचा वाटा हेही हसत खेळत झाले. पण आमच्याकडे घर कितीही ठिकाणी फुटले तरी चवथीचा गणपती एकच असतो. तो थोरल्या घरात येतो आणि मुंबई, पुणे, बेळगाव, जिथे कोणी असेल तिथून सगळे त्याच्यापुढे येऊन बसतात. धाकट्याकडे माटोळीचे काम असायचे. गणपतीवर टांगायची ती लाकडी चौकट रानातल्या फळांनी, वेलींनी तो असा काही सजवायचा की शेजारपाजारचे बघायला यायचे. एका वर्षी त्याला खाणीवरून रजा मिळाली नाही. डिचोलीत शेजाऱ्यांकडे गणपती आलेला बघून त्याची लहान मुले रडायला लागली, म्हणून त्याने बाजारातून एक लहानशी मूर्ती आणली आणि घरात पूजली. त्याच्या मनात दुसरे काही नव्हते असे मला वाटते. पण बातमी धारगळला पोचली ती 'धाकट्याने गणपती वेगळा केला' अशी. कीपरने त्या वर्षी माटोळी स्वतः बांधली. वाकडी झाली. आरती संपल्यावर तो मला म्हणाला, "तेणा देव वेगळो केल्यान. आता माका भाव नाय." धाकट्यालाही हे कोणीतरी जसेच्या तसे नेऊन सांगितले, आणि तोही हट्टाला पेटला. मी दोघांनाही मूर्ख म्हटले. एकाला तोंडावर म्हटले आणि दुसऱ्याला मनात.

पण धाकटा डिचोलीच्या संघातून खेळायचा आणि दर हंगामात आमची त्यांच्याशी गाठ पडायची. भांडणानंतर तो पहिल्यांदा आमच्या मैदानावर खेळायला आला तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून होतो. तो आला, त्याने भावाकडे न बघता बॅट धरायला पंचांना मधला स्टंप विचारला आणि उभा राहिला. पहिले षटक कीपर गप्प होता. मग त्याने घसा साफ केला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "काय रे, आयकलंस? आवशीन औंदा बावडेर जाऊचा सोडल्यान. गुडघो दुखता." मी चक्रावलो. त्याच्या आईला त्या गुडघ्यासाठी डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो होतो. तरीपण सवयीने मी हुंकार दिला. पुढच्या चेंडूनंतर लाल गाय व्याल्याचे कळले, त्यापुढच्या चेंडूनंतर दारातला फणस औंदा धरला नाही हे कळले. लाल गाय माझ्या डोळ्यांदेखत व्याली होती. मग माझे लक्ष फलंदाजाकडे गेले. तो चेंडू नुसता अडवत होता. धाव घ्यायची सोपी संधी आली तरी जागचा हलत नव्हता, कारण धाव घेतली तर पलीकडच्या टोकाला जावे लागले असते आणि तिथून ऐकू आले नसते.

त्यानंतर ही रीतच पडून गेली. धाकटा आला की कीपर मला वर्षभराच्या बातम्या सांगायचा आणि धाकटा खाली मान घालून खेळून काढायचा. डिचोलीवाल्यांना वाटले की आपला हा गडी भलताच भरवशाचा झाला, आणि त्यांनी त्याला सलामीला पाठवायला सुरुवात केली. धाकट्याचेही काही सांगायचे राहून जात नसे. तो बॅटीने मॅटिंग ठोकता ठोकता पंचांना म्हणायचा, "तुमका सांगूक नाय मां? आमच्या धाकल्या चेडवाक शाळेत पयलो नंबर गावलो." बिचारे पंच म्हणायचे, "बरे झाले." मागे कीपरच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरायचा की पुढचा चेंडू त्याच्या पायांमधून निघून जायचा. एकदा धाकट्याच्या बॅटीची कड घेऊन चेंडू कीपरच्या ग्लोव्हजमध्ये विसावला. त्याचा आवाज तर मेरेपलीकडे आंब्याखाली बसलेल्यांनीही ऐकला. आमच्या कप्तानाने दोन्ही हात वर केले. कीपरने चेंडू खाली ठेवला आणि म्हणाला, "लागूक नाय." नंतर कप्तानाने मेरेवर त्याला जाब विचारला, तेव्हा त्याने गंभीरपणे सांगितले की मुंडल्याच्या लग्नाची गजाल अजून पुरी व्हायची होती. मुंडले हे कीपरचे आजोळ. कप्तानाने त्याच्यापुढे हात जोडले.

ज्या वर्षाची गोष्ट मला सांगायची आहे, त्या वर्षी कीपरची आई अंथरुणाला लागली. थंडीच्या दिवसांत ताप आला आणि मग अंगातली शक्तीच गेली. अन्नावरची वासना उडाली. डॉक्टर येऊन गेले, त्यांनी औषध दिले, पण कीपरला बाहेर नेऊन जे सांगितले ते त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले. म्हातारीचे एकच मागणे होते. सकाळी तोंड धुवायला बसवले की ती म्हणायची, "धाकटो माका बघूचो आसा." कीपर हे ऐकून गिरणीवर जायचा आणि परत आला की पुन्हा तेच ऐकायचा. मी त्याला म्हटले, डिचोली काही विलायत नाही, सकाळच्या बसने जाऊन दुपारी त्याला घेऊन येतो. तो एकदम ताठ झाला.

"जाऊ नको," तो म्हणाला. "तू गेलंस तर ता बोलावणा जाला. बोलावणा धाडलंय म्हणजे मी नमलंय."

"आणि मैदानात सांगलंस तर?"

"ता बोलणा खंय? तो खेळ. खेळात कोण नमत नाय." मग म्हणाला, "येत्या आयताराक आसा मां डिचोलीची मॅच? सांगतंय तेवां. तुका तिची शपथ आसा, तू मदी पडू नको."

मला त्याचा मनस्वी राग आला. ती म्हातारी आठवडा तरी काढील याची मला शाश्वती नव्हती. पण शपथ घातलेली, आणि तीसुद्धा तिचीच. माडांच्या रांगेतून मी रोज तिच्या खोलीकडे बघायचो आणि रविवारची वाट बघत बसायचो.

रविवार आला आणि त्याच्याबरोबर नवा पंच आला. आदल्या एका सामन्यात कुठल्याशा दोन संघांतल्या पोरांनी एकमेकांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या होत्या, प्रकरण बॅटी उगारण्यापर्यंत गेले होते. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांनी पणजीहून एक तरुण, कडक पंच आणवला. इस्त्रीचा पांढरा कोट, खिशात नियमांचे पुस्तक. त्याने दोन्ही संघांना ओळीत उभे करून सांगितले की मैदानावर फलंदाजाला ऐकू जाईल असे एक अक्षर कोणी बोलायचे नाही, चेंडू चालू असो की नसो. दोनदा ताकीद मिळेल, तिसऱ्यांदा तो खेळाडू मैदानाबाहेर. मी कीपरकडे बघितले. तो ग्लोव्हज चढवत होता, आणि ते त्याला चढवता येत नव्हते.

धाकटा सलामीला आला. त्याने स्टंप विचारला. कीपरने माझ्याकडे तोंड केले आणि आपल्या मते अगदी हळू आवाजात सुरुवात केली, "काय रे, आवशीन..." गिरणीने कमावलेला तो आवाज सरळ पंचाच्या कानावर गेला. त्याने गोलंदाजाला अडवले, इथवर चालत आला आणि पहिली ताकीद दिली. पुढच्या षटकात कीपरने तोंडावर ग्लोव्ह धरून पुन्हा प्रयत्न केला. दुसरी ताकीद मिळाली. कप्तान धावत आला. उपांत्य सामना होता आणि आमच्याकडे दुसरा कीपर नव्हता. "पाया पडतंय तुझ्या, आता तोंड उघडू नको," तो म्हणाला. मला राहवेना. शपथ गेली खड्ड्यात, आपणच सांगून टाकावे म्हणून मी तोंड उघडले, तर कीपरने माझ्याकडे बघून मान हलवली. मी पुन्हा स्लिपमध्ये वाकून उभा राहिलो.

मग आमच्या मैदानावर कधी नव्हती अशी शांतता झाली. हमरस्त्यावरून जाणारे ट्रक ऐकू येत होते. धाकटा चेंडू अडवत होता आणि थांबत होता. त्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. ग्लोव्ह काढून पुन्हा घातला. दोनदा नव्याने स्टंप विचारला. मागून काहीच येत नव्हते. दरवर्षी पहिली बातमी आईची असायची, ती ताकीद मिळून अर्ध्यावर तुटली होती आणि पुढचे काही कळायला मार्ग नव्हता. त्याने मान वर करून मेरेपलीकडच्या घराकडे पाहिले. अंगणात मिरच्या नव्हत्या, आणि त्या राखणारीही नव्हती.

आमचा कप्तान चेंडू टाकायला धावत सुटला आणि नेमका त्या क्षणी धाकटा गर्रकन मागे वळला. इतक्या वर्षांत प्रथमच त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिले.

"दादा, आये बरी आसा मां?"

चेंडू येऊन स्टंपांवर आदळला. एक बेल उडून कीपरच्या छातीला लागली. आमचे गडी नाचत ओरडत धावत आले आणि दोघांची तोंडे बघून जागच्या जागी थांबले. कीपरने तोंड उघडले आणि ग्लोव्हने पुन्हा झाकले. तो पंचाकडे वळला आणि म्हणाला, "अंपायर, आता उत्तर दिलंय तर चलता?"

पंच तरुण असला तरी आईवेगळा नव्हता. त्याने खिशातल्या पुस्तकावर हात ठेवला, तो तसाच काढून घेतला आणि म्हणाला, "तो आऊट झालाय. आता त्याच्याशी बोलायला हरकत नाही."

"तुका बघूचा म्हणता," कीपर भावाला म्हणाला. "रोज म्हणता. माका सांगूक जमला नाय रे."

धाकट्याने बॅट तिथेच टाकली आणि तो मेरेकडे चालू लागला. कीपर त्याच्या मागोमाग निघाला. कप्तान मागून हाका मारत होता, "अरे कीपर, मॅच?" पण मैदानावर विचारलेल्या प्रश्नाला त्याने त्या दिवशी प्रथमच उत्तर दिले नाही. मेर अरुंद, दोघांना बरोबरीने चालता येत नव्हते. पायांना पॅड बांधलेला धाकटा पुढे, हातांत ग्लोव्हज घातलेला थोरला मागे, आणि थोरला सारखा बोलत होता. शब्द कळत नव्हते, पण ते माडांआड जाईपर्यंत आवाज येत होता.

सामना आम्ही हरलो. उघड्या हातांनी कीपिंग करायची पाळी माझ्यावर आली आणि डिचोलीच्या निम्म्या धावा माझ्या मागून गेल्या. म्हातारी पुढची चवथ बघायला राहिली नाही. ती त्याच उन्हाळ्यात गेली. पण चवथीला धाकट्याने डिचोलीचा गणपती दीड दिवसाने पाण्यात पोचवला आणि बायकामुलांना घेऊन तो धारगळला आला. एकदा आणलेला देव बंद करता येत नाही, म्हणून दोघांनी मिळून काढलेली ही तोड होती, आणि ती अजून चालू आहे. माटोळी तो चवथीच्या आदल्या दिवशीच येऊन बांधून गेला होता. आईच्या बसायच्या जागेकडे बघून दोघेही रडले आणि मग आरतीला उभे राहिले.

मला मात्र अजून आठवते ती त्या रविवारची संध्याकाळ. धाकट्याची बॅट मैदानातच पडली होती, ती द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. डिचोलीच्या संघाचा ट्रक रस्त्यावर हॉर्न वाजवत उभा होता. पडवीत पोचेपर्यंतच आतला कालवा ऐकू आला. लहानपणी आंब्यावरून कोण पडला होता, थोरला की धाकटा, यावर दोघांचे जुंपले होते. दोघेही एकाच वेळी बोलत होते, दोघांपैकी कोणी कोणाचे ऐकत नव्हता, आणि घरातला हा धाकटाही आवाजाने थोरल्याचाच भाऊ निघाला. दोघांच्या मध्ये म्हातारी डोळे मिटून पडली होती. तिचा एक हात धाकट्याच्या गुडघ्यावरच्या पॅडवर होता. वहिनी पेजेची वाटी घेऊन आल्या आणि रागावल्या, "अवो, हळू बोला मरे. तिका जरा निज येवंदी."

म्हातारीने डोळे उघडले नाहीत. "बोलांदेत गो," ती म्हणाली. "माका आयकांदी."

वहिनी वाटी घेऊन तिथेच दाराशी बसल्या. मी बॅट भिंतीला लावून ठेवली आणि रस्त्यावर जाऊन ट्रकवाल्यांना सांगितले, तुम्ही निघा, तो आज येत नाही.